दुसऱ्या खेळाचे काका

नागपूरच्या धरमपेठेतल्या त्या घराची वरची खोली बघायला मी गेलो, तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही. नोकरी कुठे, लग्न झालंय का, मटण शिजवणार का, हेही नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी एवढंच विचारलं, "एकदा पाहिलेलं परत पाहता का?"

मी म्हटलं, "सिनेमा पाहतो. टीव्हीवर लागला तर."

"पूर्ण?"

"बहुतेक."

"मग सामान केव्हा आणून राहिले?"

आतून बाईचा आवाज आला, "अहो, नाव तं विचारा त्याचं."

नाव त्यांनी विचारलं नाहीच. ते दुसऱ्या भेटीत विचारलं. पुढे मला त्यांच्या पद्धतीची सवय झाली, आणि मीही त्यांना काका म्हणायला लागलो. आज मी शहराच्या टोकाला, बेसाला, स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. शेजाऱ्यांची नावं मला पहिल्या दिवशीच कळली आणि आता त्यातलं एकही धड आठवत नाही. काकांचं बरोबर होतं असं म्हणायला जीभ रेटत नाही, पण होतं.

काकांचा सिद्धांत असा, की पहिला खेळ बघायचा असतो आणि दुसरा ऐकायचा. नाटक, सिनेमा, गाणं, कीर्तन, काहीही असो, एकदा बघून त्याच्यावर मत द्यायचं नाही. सारी नोकरी त्यांनी एका छापखान्यात प्रूफं तपासण्यात काढली होती. "पहिल्या वाचनात माणूस गोष्ट वाचते," ते म्हणायचे. "म्हणून चूक निसटून जाते. दुसऱ्या वाचनात गोष्ट माहीत असते, मग अक्षर दिसते." निवृत्त झाल्यावर तपासायला प्रूफं उरली नाहीत, म्हणून त्यांनी जग तपासायला घेतलं.

त्यामुळे कोपऱ्यावरच्या ठेल्यावर ते तर्री-पोह्याच्या दोन प्लेटा खायचे. पहिली भुकेसाठी, दुसरी चवीसाठी. डॉक्टरांनी तेलकट बंद करायला सांगितलं, तर काका म्हणाले, की परत एकदा येऊन विचारीन. वर्तमानपत्र ते एक दिवस शिळं वाचायचे. "आजचा पेपर कच्चा असते. एक दिवस ठेवला की गाळ खाली बसते." माझा त्यात फायदा होता. ताजा पेपर सकाळी माझ्या खोलीत यायचा आणि संध्याकाळी खाली जायचा. निवडणुकीचा निकाल सगळ्या गल्लीला लागला, फटाके वाजून त्यांचा कचराही झाडून झाला, की दुसऱ्या दिवशी काकांना तो लागायचा आणि ते गच्चीवर येऊन मला म्हणायचे, "पडला गा तो." मी आश्चर्य दाखवायचो. घरमालकाशी तेवढं सौजन्य पाळावं लागतं.

या सिद्धांताचा सगळ्यात मोठा ताप काकूंच्या माहेरच्यांना झाला होता. काकू वर्ध्याकडच्या एका खेड्यातल्या, शेतकऱ्याच्या घरच्या. काका मुलगी बघायला गेले, पोहे खाल्ले, आणि रीतीप्रमाणे "गाणं येते का?" असं विचारलं. काकूंनी मान वर करून म्हटलं, "मले नाही येत. तुम्हाले येते का?" काका हसले, घरी गेले, आणि होकार-नकार काहीच कळवला नाही. पुढच्या आठवड्यात ते परत हजर. एकटेच. म्हणे, परत बघायचं आहे.

"गावात बोंब झाली," काकू सांगायच्या. "लोक म्हणे, पोरीत काही खोट असन. मुलगी का बैल आहे दोनदा पाहाले? मायनं रागानं दुसऱ्या वेळी पोह्यात शेंगदाणेच नाही टाकले."

"आणि काका काय म्हणाले?"

"काय म्हणतात? गाणं येते का, विचारलं. तेच. मी बी तेच सांगितलं."

काका हे सगळं ऐकत बसलेले असायचे. ते म्हणायचे, "दुसऱ्यांदा जास्त चांगलं म्हटलं होतं तिनं." आणि मग बऱ्याच वेळानं, "पोहे मात्र पहिल्या दिवशीचेच चांगले."

नागपुरातल्या नाट्यगृहांत काका ओळखले जात ते त्यांच्या 'वन्स मोअर'साठी. संगीत नाटक हल्ली कमी लागतं, पण लागलं की तिसऱ्या रांगेतून काकांचा खणखणीत आवाज यायचा आणि नटाला पद परत घ्यावं लागायचं. त्यांचा उत्साह नाटकापुरता नव्हता. मनीषनगरला नातेवाइकांकडे बारशाला एका छोट्या मुलीनं कविता म्हटली. काका ओरडले, "वन्स मोअर." मुलीला वाटलं आपलं चुकलं, आणि ती रडायला लागली. काकांनी तिची समजूत घातली, की चुकलं म्हणून कोणी परत मागत नसते, आणि तिच्याकडून कविता परत म्हणवून घेतली. मुलगी दुसऱ्यांदाही रडली.

पण वन्स मोअरलाही नियम होता. एकदा नाटकाच्या मधल्या सुट्टीनंतर उशिरा येऊन बसलेल्या कोणीतरी, लोक टाळ्या वाजवताहेत म्हणून वन्स मोअर ठोकून दिला. काकांनी मागे वळून त्याला सर्वांदेखत सुनावलं, "ज्यानं ऐकलं त्यानंच मागावं. जेवला नाही त्याला दुसरी वाढ कशाची?"

हे वाक्य लक्षात राहू द्या. मलाही ते बरंच नंतर कामाला आलं.

आमच्या भागात एक निवृत्त दातांचे डॉक्टर होते. मुलीकडे युरोपात तीन महिने राहून आले आणि येताना पेन ड्राइव्हमध्ये ऑपेरा घेऊन आले. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये त्यांनी एका रविवारी सकाळी तो पडद्यावर दाखवायचं ठरवलं. आधी उभं राहून माहिती दिली, की हा इटालियन ऑपेरा आहे, या पद्धतीला बेल कान्तो म्हणतात, म्हणजे सुंदर गाणं.

"मग बाकीचे काय खराब गातात?" काकांनी शेजारून मला विचारलं.

गोष्ट साधी होती. एका मुलीचं एकावर प्रेम, बापानं लग्न दुसऱ्याशी ठरवलेलं, म्हणून ती सगळं सोडून मठात जायला निघते. निघते म्हणजे निघायला एक अख्खा अंक घेते. पहिला तासभर हॉलमधली माणसं आदरानं जांभया देत होती. मग ती बाई मठाच्या दारात उभी राहिली. गाण्याच्या शेवटी सगळी वाद्यं थांबली आणि तिनं एकटीनं, अगदी हळू, अगदी वरचा एक सूर लावला आणि तो धरून ठेवला. काकांनी माझं मनगट पकडलं. सूर संपला तरी सोडलं नाही.

आणि मग ते उठून उभे राहिले आणि पडद्याकडे बघून ओरडले, "वन्स मोअर."

हॉल हसला. डॉक्टर धावत आले. "अहो, ते रेकॉर्डिंग आहे. ती बाई इथं नाही."

"मग तर सोपं आहे," काका म्हणाले. "तिला श्रम नाही."

डॉक्टरांनी लॅपटॉपवर गाणं मागे नेलं, आणि इटलीतली ती बाई धरमपेठेच्या मागणीवरून परत दारात येऊन उभी राहिली. मग काय, लोकांना चटकच लागली. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी बापाच्या गाण्याला वन्स मोअर दिला, बायकांनी प्रियकराच्या. दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी ती बिचारी मुलगी मठात पोचली नव्हती. जांभया मात्र थांबल्या होत्या. बाहेर पडताना मी विचारलं, "कसं वाटलं काका?"

"अजून दुसऱ्यांदा कुठं पाहिलं?"

त्या दिवसापासून त्यांनी डॉक्टरांचा पिच्छा पुरवला, की याचा दुसरा खेळ लावा. डॉक्टर म्हणायचे, आता वेगळा ऑपेरा दाखवतो. काका म्हणायचे, हाच. दोन वर्षं हे चाललं. तो सूर त्यांच्या डोक्यात बसला होता. संध्याकाळी गच्चीवर फिरताना मध्येच थांबून ते बोट वर करायचे आणि म्हणायचे, "इथं. इथं उभी होती ती." मी हवेत बघून मान हलवायचो.

या दोन वर्षांत जे घडलं ते नागपूरच्या उन्हाळ्यामुळे आम्हाला उशिरा कळलं. इथं होळी झाली की घराघरांत कूलर लागतो, आणि पाऊस पडेपर्यंत सगळं शहर एकमेकांवर ओरडून बोलतं. त्या दिवसांत कोणाला कमी ऐकू येतं आणि कोण नुसता नागपूरकर आहे, हे सांगता येत नाही. काका "काय?" म्हणायचे, आम्ही ओरडायचो, काका म्हणायचे, "कूलर लय आवाज करून राहिला." मग कूलर निघाला, खिडकीला परत काचा लागल्या, तरी काका "काय?" म्हणत राहिले. तेव्हा दोष मेट्रोच्या कामाला गेला. मेट्रो धावायला लागली, तेव्हा शेजारच्या मिक्सरला. शेवटी मिक्सरही बिघडला, आणि काकांनी जाहीर केलं, की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

काकूंना कळलं होतं. एकदा मी खाली चहा प्यायला गेलो, तर काकू भाजी चिरता चिरता, काका समोर पाच हातांवर बसलेले असताना, साध्या आवाजात म्हणत होत्या, "या माणसाले जेवढं काही दोनदा लागते, तेवढं बाजारातून एकदा आणाले सांगितलं तं होत नाही. बहीण आली की लाडू, बायकोले नुसतं लेक्चर." काका शांतपणे शिळा पेपर वाचत होते. मी हबकलो.

"घाबरू नको," काकू म्हणाल्या. "त्यायले नाही ऐकू येत. चाळीस वर्षं मनातच बोलली मी, बेटा. आता तोंडानं बोलून पाहून राहिली."

मला हसू आवरेना. काकूही हसल्या. मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "सुरुवातीले मजा वाटली. मंग एक दिवस चुकून चांगलं बोलली त्यायच्याबद्दल. तेबी नाही ऐकू गेलं."

"काय बोललात?"

"ते तुले कायले सांगू?"

त्यानंतर मला त्या मजेत पहिल्यासारखी मजा वाटली नाही. काकांना कानाच्या डॉक्टरकडे नेण्याचा विषय आम्ही दोनदा काढला. दोन्ही वेळा ते चिडले. म्हणाले, "ज्या कानानं सगळं नागपूर ऐकलं, तो तपासणारे तुम्ही कोण?" त्यांचं म्हणणं मला कळत होतं. या माणसाकडे मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. प्रूफांवर कोणाचं नाव नसतं. लोक त्यांना विचारायचे ते एवढ्याचसाठी, की हा माणूस नीट ऐकतो.

आणि नेमकं तेव्हाच दातांच्या डॉक्टरांनी हार मानली आणि दुसरा खेळ लावला.

थंडीतला रविवार होता. या वेळी लोक थोडेच आले, कारण दुसऱ्यांदा येणारे मुळात थोडेच असतात. काकूही आल्या होत्या, शाल गुंडाळून. पहिल्या वेळी त्या नव्हत्या. मला हळूच म्हणाल्या, "गाणं तं जोरात असते. ऐकू येईन त्यायले." त्यांनी मला धीर दिला की स्वतःला, कोण जाणे. काका इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत बसले. चेहरा असा, की आज मत द्यायचा दिवस.

पहिले अंक ठीक गेले. वाद्यं मोठी होती, बाप ओरडून गात होता, काका मान डोलवत होते. ती मुलगी मठाच्या दाराशी आल्यावर काकू मला म्हणाल्या, "जायचं तं जा म्हणा. दारात उभं राहून इतका वेळ तं आमची नणंद घेते." मग गाणं शेवटाला आलं. काकांनी बोट वर केलं, गच्चीवर करायचे तसंच. वाद्यं थांबली. ती बाई हळू, वर, तो सूर घेऊन उभी राहिली. हॉलमध्ये कोणी हललं नाही. सूर संपला, लोकांनी श्वास सोडला, वाद्यं परत सुरू झाली.

काकांचं बोट अजून वर होतं. ते वाट बघत होते.

मग ते उठले. "डॉक्टर, कापलं तुम्ही."

डॉक्टर म्हणाले, "काय कापलं?"

"तो सूर. मागच्या वेळी ती वर गेली होती. ही प्रत दुसरी आहे."

"तीच आहे हो. तोच पेन ड्राइव्ह."

मागून कोणीतरी हसलं. काकांनी तिकडे बघितलं नाही. म्हणाले, "वन्स मोअर." न ऐकलेल्या गोष्टीला वन्स मोअर मागताना मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला माझी खुर्ची सोडून पळावंसं वाटलं.

डॉक्टरांनी गाणं मागे नेलं. काका उभेच होते. वाद्यं थांबली. पडद्यावर बाईचं तोंड उघडं होतं, आणि काकांच्या दृष्टीनं ती काहीच म्हणत नव्हती. त्यांनी रागानं डॉक्टरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी खाली बघितलं. मग त्यांची नजर काकूंवर गेली.

काकूंना ऑपेरा कशाशी खातात हे माहीत नव्हतं. शाल हनुवटीपर्यंत ओढून, डोळे मिटून त्या बसल्या होत्या. सूर वर चढला तशा त्यांच्या भुवया वर गेल्या, थांबला तोवर त्या थांबल्या, आणि संपला तसा त्यांचा चेहरा खाली आला. काकांनी ते सगळं बघितलं. प्रूफ वाचावं तसं, एकेक अक्षर.

"प्रत बरोबर आहे," ते म्हणाले, आणि खाली बसले.

घरी जाताना ऑटोत काकांनी विचारलं, "किती वेळ धरला होता तिनं?"

"लय वेळ," काकू मोठ्यानं म्हणाल्या.

"मागच्या वेळेएवढा?"

"मागच्या वेळी मी नव्हती."

काकांनी मान हलवली आणि ते रस्त्याकडे बघत राहिले.

त्यानंतर काका शहाण्या माणसासारखे वागायला लागले, आणि आम्ही घाबरलो. ठेल्यावर एकच प्लेट. नाटकाची जाहिरात आली तरी विचारपूस नाही. एका सकाळी काकू जिना चढून माझ्या खोलीत आल्या. गुडघेदुखीमुळे त्या कधी वर येत नसत.

"बेटा, पेपर दे. ते आजचाच मागून राहिले."

"आजचा?"

"म्हणतात, वाट पाहून काय करू." आणि शालीच्या टोकानं त्यांनी डोळे पुसले. एखाद्याच्या घरी कोणाला छातीत दुखल्याची बातमी यावी, तसा मी पेपर घेऊन खाली धावलो.

दोन-तीन आठवड्यांनी काका आपण होऊन कानाच्या डॉक्टरकडे गेले आणि मशीन लावून आले. आम्हाला वाटलं, सुटलो. तासाभरात त्यांनी ते काढून टेबलाच्या खणात टाकलं. नळाचं पाणी एवढा आवाज करते? चपला एवढ्या वाजतात? पेपरचं पान उलटलं की कोणीतरी पत्रा फाडल्यासारखं होते. मोबाइलवर दातांच्या डॉक्टरांनी पाठवलेलं ते गाणं ऐकून बघितलं, तर तो सूर कुकरच्या शिट्टीसारखा आला. "याच्यापेक्षा न ऐकलेला बरा," काका म्हणाले. "विषय संपला."

काकूंनी खण उघडला, मशीन काढून त्यांच्यासमोर ठेवलं आणि त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "पह्यल्या खेळावर मत नाही देत ना तुम्ही?"

काका त्यांच्याकडे बघत राहिले. आयुष्यभर ज्या नियमानं त्यांनी दुसऱ्यांना छळलं, तो असा परत आला होता. त्यांनी मशीन उचलून परत कानात घातलं.

"आता तुमची मजा संपली, काकू," मी नंतर म्हटलं.

"संपली तं संपली."

एका रविवारी सकाळी मी खाली गेलो. टेबलावर शनिवारचा पेपर होता, म्हणजे घर ठिकाणावर येत होतं. काका वाचत होते. मी सांगितलं, की डॉक्टर म्हणताहेत, पाहिजे तर तिसरा खेळ लावू. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "दोनदा पाहिलं. झालं. तो सूर मला जेवढा मिळायचा तेवढा पहिल्याच वेळी मिळाला." असं म्हणून ते परत पेपरात गेले. मला वाईट वाटलं, आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

काकू पोहे करत होत्या. दाराकडे पाठ, हातात कांदा, कढईत फोडणी तडतडत होती. सवयीनं त्या बोलत होत्या, त्याच साध्या आवाजात. कोथिंबीर महाग झाली. गॅसवाला आला नाही. मग कांदा कढईत टाकत त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांदा आले ते बरं केलं तुम्ही. नाहीतं त्या गावातच राहिली असती मी."

मागे पेपरचं पान उलटायचं थांबलं.

"वन्स मोअर," काका म्हणाले.

काकूंचा हात कढईवर थांबला. त्यांनी मागे वळून बघितलं नाही, आणि एक अक्षर परत म्हटलं नाही. फळीवरून डबा काढला आणि फोडणीत शेंगदाणे टाकले. मग थोडं थांबून आणखी एक मूठ टाकली.